गुहागरच्या इलेक्ट्रिक गाडीला वर्षाला खर्च किती, आणि चावीतल्या सेलचं काय?

गुहागरच्या एका शिक्षिका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा आहे: "गेल्या दिवाळीत इलेक्ट्रिक गाडी घेतली. हिला मेंटेनन्स नाहीच, असं घेताना सांगितलं होतं. आता पडद्यावर रोज 'चावीची बॅटरी कमी' असं येतंय. कंपनीचं सर्व्हिस सेंटर लांब आहे आणि घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. चावी बंद पडली तर गाडी अडकेल का? आणि वर्षाला एकूण किती खर्च धरून चालायचं?"

ताई, मी रत्नागिरी जिल्ह्यात गाड्यांचं इलेक्ट्रिकल काम करतो आणि आता इलेक्ट्रिक गाड्याही बऱ्याच येतात. तुमच्या दोन्ही प्रश्नांचं मूळ एकच आहे. या गाडीची मोटर आणि मोठी बॅटरी सहसा त्रास देत नाहीत. आपल्या किनाऱ्यावर गाडी अडते ती छोट्या वस्तूंपायी: चावीतला सेल, बारा व्होल्टची बॅटरी, घरातलं अर्थिंग, न वापरल्यामुळे गंजलेले ब्रेक. यांतलं काहीच महाग नाही, पण वेळच्या वेळी बघावं लागतं.

आधी चावी, कारण ते काम तुम्ही आजच घरी करू शकता आणि त्यासाठी चिपळूण गाठायची गरज नाही. बहुतेक स्मार्ट चाव्यांत नाण्याएवढा गोल लिथियम सेल असतो, तीन व्होल्टचा. बहुतेक वेळा तो सीआर२०३२ असतो. या आकड्यातच त्याचं माप आहे: व्यास २० मिलिमीटर आणि जाडी ३.२ मिलिमीटर. काही चाव्यांना सीआर२०२५ लागतो, त्याची जाडी २.५. दिसायला दोन्ही सारखे, म्हणून दुकानदार कधीकधी "हाच चालेल" म्हणून जो असेल तो देतो. जाड सेलच्या जागी पातळ घातला की तो आत सैल बसतो आणि आपल्या रस्त्यांवरच्या हादऱ्यांनी संपर्क तुटत राहतो. मग चावी कधी चालते, कधी नाही. जुन्या सेलवरचा आकडा वाचून तोच मागा. रिचार्ज होणारा सेल त्याच मापात मिळतो, पण त्याचं व्होल्टेज जास्त असतं, तो चावीत घालू नका.

चावी उघडायची अशी. आधी बाजूचं छोटं बटण दाबून आतली धातूची किल्ली बाहेर ओढा. ती निघाली की तिथे एक खाच दिसते. त्या खाचेत जुनं एटीएम कार्ड किंवा नाण्याची कड अडकवून हळूच पिळा, दोन भाग सुटे होतात. जोर लावून ओढायचं नाही, आतल्या प्लास्टिकच्या कड्या मोडतात आणि मग चावी कधीच नीट मिटत नाही. आत पातळ रबरी पट्टी असेल तर ती जागेवर राहू द्या, पाणी अडवायचं काम तिचंच. सेल काढण्याआधी त्याची अधिकची बाजू वर आहे की खाली, याचा मोबाईलवर फोटो काढा. सेल उचकटायला स्क्रूड्रायव्हर वापरू नका. त्याने पत्र्याची नाजूक पाती वाकते आणि सेल शॉर्टही होऊ शकतो. दात कोरायची काडी पुरते.

आता आतल्या पात्यांकडे नीट बघा, कारण किनाऱ्यावरच्या चाव्यांत खरा घोटाळा बऱ्याचदा इथेच असतो. पातीवर हिरवट किंवा पांढुरकी झाक दिसली तर नवा सेलही दोन महिन्यांत संपल्यासारखा वागतो. मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळतं. कानाच्या काडीला ते लावून पाती हलकेच पुसा आणि पूर्ण सुकू द्या. नवा सेल कडांना धरून बसवा, कोरड्या हातांनी. घामेजल्या बोटांनी दोन्ही बाजू दाबल्या की मीठ आणि ओल तिथेच राहते. काही कंपन्या लहान मुलांनी सेल तोंडात घालू नये म्हणून त्यावर कडू लेप देतात. त्या लेपामुळे काही चाव्यांत संपर्क नीट होत नाही. नवा सेल घालूनही चावी चालली नाही तर त्याच अल्कोहोलने सेल पुसून पुन्हा बसवून बघा.

सेल बदलल्यावर चावी पुन्हा प्रोग्राम करावी लागते का, हे जवळपास प्रत्येक जण विचारतो. बहुतेक गाड्यांत लागत नाही. चावीचा कोड सेल काढल्यावर पुसला जात नाही. त्यामुळे निव्वळ सेल बदलायला कोणी पाचशे-हजार मागत असेल तर देऊ नका. चांगल्या कंपनीचा सेल पन्नास ते शंभर रुपयांत येतो. एकेकटा पाकीटबंद असलेलाच घ्या. डब्यात सुट्टे ठेवलेले सेल एकमेकांना लागून दुकानातच अर्धे होतात. सोबत दुसऱ्या चावीचाही सेल बदला. ती कपाटात पडून असते म्हणून तिचा सेल ताजा असेल, असं नाही.

आता सेल इतक्या लवकर का संपला? साधारण दीड-दोन वर्षं तो टिकायला हवा, आणि तुमची गाडी तर वर्षाचीही नाही. आपल्या घरांच्या रचनेत याचं एक कारण दडलेलं असतं. गाडी पडवीला लागून उभी आणि चावी पडवीच्याच भिंतीवरच्या खुंटीला. स्मार्ट चावीची गाडी सतत हलकी हाक देत असते, चावी जवळ असली की ती उत्तर देते. रात्रभर हे चालू राहिलं तर सेल बसतो. चावी आतल्या खोलीत, गाडीपासून पाच-सहा मीटर लांब ठेवा. मोबाईलच्या वायरलेस चार्जरवर किंवा त्याला खेटूनही ठेवू नका.

आणि सेल संपला म्हणून गाडी अडकत नाही, ही भीती आधी मनातून काढून टाका. धातूची किल्ली त्यासाठीच दिलेली असते. ड्रायव्हरच्या दाराच्या हँडलपाशी कुलुपाचं भोक असतं, काही गाड्यांत ते झाकणाखाली लपवलेलं असतं. दार उघडताना अलार्म वाजू शकतो, घाबरू नका. आत बसून ब्रेक दाबा आणि तीच मेलेली चावी स्टार्ट बटणाला टेकवून बटण दाबा. चावीत एक चिप असते, तिला सेल लागत नाही, बटणामागच्या कॉइलमधून तिला पुरेशी ऊर्जा मिळते. काही गाड्यांत ही जागा बटणाऐवजी मधल्या कप्प्यात असते, गाडीच्या पुस्तकात चित्र दिलेलं असतं. माझं आग्रहाचं सांगणं आहे की हे एकदा घरीच, दिवसाउजेडी करून बघा. घरातल्या ज्या ज्या माणसाला गाडी चालवायची असते, त्यांनाही करायला लावा. असगोलीच्या चढावर भर पावसात रात्री पुस्तक उघडून वाचायची वेळ येऊ नये.

चावी समुद्रात भिजणं हा किनाऱ्यावरचा ठरलेला अपघात. खिशात चावी ठेवून पाण्यात उतरलेले पर्यटक दर सुट्टीत येतात. खारं पाणी आत गेलं की सेलच्या तीन व्होल्टमुळे सर्किटवरचं तांबं काही तासांत खाल्लं जातं. म्हणून आधी सेल काढा, मग गोड्या पाण्याने, शक्य तर बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड वॉटरने, आतला भाग धुवा आणि दोन दिवस सावलीत सुकवा. चालू आहे का बघण्यासाठी मधेच सेल घालू नका. कंपनीकडून नवी चावी कोड करून घ्यायला काही हजार रुपये जातात, म्हणून एवढी काळजी.

एक गोष्ट गंभीर आहे. हा सेल लहान मुलाने गिळला तर अन्ननलिकेत अडकून दोन तासांत आतून भाजतो. उलटी करवू नका, वाट बघू नका, थेट मोठ्या रुग्णालयात न्या आणि सेल गिळल्याचं पहिल्या वाक्यात सांगा. जुना सेल दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून वेगळा ठेवा. वाडीतला पातेरा जाळताना त्यात तो जाता कामा नये, आगीत तो फुटतो.

आता थोडी मोठी, पण तितकीच दुर्लक्षित वस्तू. तुमच्या गाडीत मोठ्या बॅटरीखेरीज साधी बारा व्होल्टची बॅटरीही आहे. दाराची कुलपं, दिवे, पडदा, संगणक सगळं तिच्यावर चालतं. मुख्य म्हणजे मोठी बॅटरी गाडीला जोडणारे स्विच तिच्याच जोरावर जोडले जातात. त्यामुळे मोठी बॅटरी ऐंशी टक्के भरलेली असली तरी ही छोटी बसली की गाडी सुरू होत नाही, आणि चार्जिंगही घेत नाही. बंद गाडी म्हणून मला जे फोन येतात, त्यांत मोठा भाग या बॅटरीचाच.

चावीचा सेल बसलाय की ही बॅटरी, हे ओळखायची साधी रीत आहे. चावीचं बटण दाबल्यावर तिचा लाल दिवा लागतो, पण गाडी ढिम्म, आतला दिवाही मिणमिणता, तर दोष बारा व्होल्टकडे. चावीचा दिवाच लागत नाही आणि दुसऱ्या चावीने गाडी उघडते, तर सेल. साधा मल्टिमीटर घरात असेल तर रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची बारा व्होल्टची बॅटरी मोजा: १२.६ च्या आसपास म्हणजे भरलेली, १२ च्या जवळ म्हणजे जवळजवळ रिकामी. चावीच्या सेलला मात्र हे माप लावू नका. जुना सेलही नुसता मोजला तर तीनच्या आसपास दाखवतो आणि काम पडलं की कोसळतो.

ही बॅटरी उतरते ती बहुधा आपल्याच सवयींमुळे. गाडी 'रेडी' न करता, म्हणजे ब्रेक दाबून पूर्ण सुरू न करता, नुसती गाणी लावून बसणं. बाहेरून बसवलेला डॅशकॅम किंवा जीपीएस, ज्याची वायर थेट बॅटरीला जोडलेली असते. आणि आपल्याकडचा खास प्रकार, मुंबईचे चाकरमानी गणपतीनंतर गाडी गावच्या घरी ठेवून जातात ती थेट शिमग्याला उघडतात. काही गाड्या उभ्या असताना मोठ्या बॅटरीतून छोटी भरून घेतात, काही घेत नाहीत. तुमची घेते का, हे पुस्तकात बघा. घेत नसेल तर दर आठवड्या-दहा दिवसांनी कोणाला तरी गाडी अर्धा-पाऊण तास 'रेडी' करून ठेवायला सांगा. महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर मोठी बॅटरी पन्नास-साठ टक्क्यांवर ठेवून छोटीची ऋण वायर सोडून ठेवणं बरं, फक्त ते पुस्तकाप्रमाणे करा आणि धातूची किल्ली गाडीबाहेर ठेवा.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी दिसली तर ती खाऱ्या हवेत भराभर वाढते. गाडी बंद करून, चावी लांब ठेवून, आधी ऋण मग धन वायर सोडा. गरम पाण्यात खायचा सोडा घालून भुकटी धुवा, कोरडं करा आणि वायर जोडल्यावर वर व्हॅसलीनचा पातळ थर द्या. बॅटरी तीन-चार वर्षं टिकते, नवीन चार ते सात हजारांत येते. चौथ्या वर्षी ती मरायची वाट न बघता मे महिन्यात बदला. ती पूर्ण बसलीच तर दुसऱ्या गाडीवरून जम्प घेता येतो, पुस्तकात दाखवलेल्या जागीच केबल लावून. पण तुमच्या गाडीवरून शेजाऱ्याच्या डिझेल जीपला जम्प देऊ नका. इंजिन फिरवायला लागणारा करंट देण्यासाठी ही बॅटरी आणि तिला भरणारा कन्व्हर्टर बनवलेले नसतात.

आता ज्या खर्चाबद्दल शोरूममध्ये कोणी बोलत नाही, तो अर्थिंगचा. आपलं कोकण जांभ्यावर उभं आहे. पावसाळ्यात जमीन ओली असते तोवर अर्थिंग उत्तम चालतं, आणि मार्च-एप्रिलमध्ये कातळ तापून सुकला की तेच अर्थिंग निकामी होतं. मग चार्जरवर लाल दिवा लागतो, अर्थ फॉल्ट म्हणून तो गाडी भरायला नकार देतो. लोकांना वाटतं चार्जर बिघडला. चार्जर त्याचं काम चोख करत असतो. या वेळी एखादा वायरमन "काळजी करू नका" म्हणून सॉकेटमध्ये अर्थ आणि न्यूट्रल जोडून देतो. दिवा जातो, गाडी भरू लागते. ताई, हे कधीही करू देऊ नका. एखाद्या दिवशी खांबावर किंवा मीटरपाशी न्यूट्रल तुटला की गाडीचं सगळं बॉडी जिवंत होतं आणि ओल्या अंगणात अनवाणी उभ्या माणसाने दाराला हात लावला की संपलं. अशी जोडणी मी बघितलेल्या घरांमध्ये आढळली आहे, म्हणून इतक्या तळमळीने लिहितो.

योग्य उपाय महागडा नाही. न्हाणीघराचं पाणी जिथे केळींना जातं, ती जागा बाराही महिने ओली असते. तिथे अडीच-तीन मीटर खोल खड्डा किंवा बोअर मारून इलेक्ट्रोड बसवा. जुन्या पद्धतीत कोळसा आणि मीठ घालतात. मीठ इलेक्ट्रोडलाच खातं, म्हणून मी बेंटोनाइटचं (ओल धरून ठेवणाऱ्या मातीचं) अर्थिंग कंपाउंड सुचवतो. लायसन्सधारक इलेक्ट्रिशियनकडून अर्थ टेस्टरने मोजून घ्या, पाच ओहमच्या खाली यायला हवं, आणि मोजणी एप्रिल-मेमध्ये करा. ऑगस्टमधली मोजणी फसवी असते. गाडीसाठी मीटरपासून वेगळी जाड वायर, स्वतःचा एमसीबी (जास्त करंट गेला की वीज तोडणारा स्विच) आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की तोडणारा स्विच). कामाच्या लांबीप्रमाणे हे सगळं आठ ते पंधरा हजारांत होतं, आणि एकदाच करायचं असतं.

सॉकेट पागोळ्यांखाली नको, आत हवा. दर दोन-तीन महिन्यांनी गाडी भरत असताना अर्ध्या तासाने प्लगला हात लावून बघा. कोमट ठीक, हात ठेववत नसेल तर लगेच बंद करा. खाऱ्या हवेत सॉकेटच्या आतल्या पितळी पात्यांवर हिरवा थर येतो आणि त्या तापतात. शंभर-दोनशे रुपयांचं सॉकेट बदललं की प्रश्न मिटतो. मे अखेरचा वळीव आणि ऑक्टोबरचे गडगडाट सुरू झाले की नुसतं स्विच बंद करून भागत नाही, प्लग काढून ठेवायचा.

आता गंज. इथे लोक पैसे चुकीच्या जागी घालतात. शोरूममध्ये खालून काळा लेप मारून देतो म्हणून पाच-सहा हजार घेतात. पेट्रोल गाडीला त्याचा उपयोग असतो. इलेक्ट्रिक गाडीच्या खाली बॅटरीची पेटी असते, तिला दाब सोडणारं छिद्र असतं, कनेक्टर असतात. त्यावर लेप मारायचा नसतो. मारायचाच असेल तर बॅटरीची पेटी आणि केशरी (मोठ्या बॅटरीच्या उच्च दाबाच्या) वायरी पूर्ण झाकून, आणि वॉरंटीला बाधा येत नाही हे कंपनीकडून लेखी घेऊन. माझ्या मते त्याच पैशांत वर्षभर खालून धुणं होतं, आणि ते जास्त उपयोगी आहे.

धुवायचं केव्हा? धोपाव्याहून दाभोळला किंवा तवसाळहून जयगडला जंगलजेट्टीने (गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीने) गेलात, तर उतरताना रॅम्पवरचं खारं पाणी चाकांवर आणि खाली उडतं. दुसऱ्या दिवसाच्या आत गोड्या पाण्याने धुवा. वाळूवर गाडी नेऊच नका, आणि नेलीच तर त्याच संध्याकाळी धुवा. पण कुठल्या पाण्याने, हे बघा. किनाऱ्याजवळच्या बऱ्याच विहिरींचं पाणी मे महिन्यात मचूळ होतं. त्याने धुतलं तर मीठ घालवायच्या ऐवजी लावल्यासारखं होतं, नळाचं पाणी वापरा. प्रेशरचा झोत चार्जिंगच्या तोंडावर, केशरी वायरींवर आणि कनेक्टरवर जवळून मारू देऊ नका.

ब्रेकचा मुद्दा उलटा आहे. इलेक्ट्रिक गाडी वेग कमी करताना मोटरनेच बरंच काम करते, त्यामुळे पॅड झिजत नाहीत. पॅड खूप टिकतात म्हणून मालक खूश असतो, आणि इकडे डिस्क वापराविना गंजत असते. कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) पिना खाऱ्या हवेत जाम होतात, मग एकच पॅड एका बाजूने घासतो आणि गाडी ओढते. आठवड्यातून एकदा मोकळ्या रस्त्यावर, मागे कोणी नसताना, रीजनची (मोटरने वेग कमी करण्याची) पातळी शून्यावर आणून चार-पाच वेळा ब्रेक जरा जोराने दाबा, डिस्क साफ होते. वर्षातून एकदा, पावसाळ्यानंतर, पिना सोडवून साफ करून योग्य ग्रीस लावून घ्या, हजार-दीड हजारांचं काम आहे. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, आणि आपल्या हवेत ओल भरपूर. ते दर दोन वर्षांनी बदलायचं, गाडी कमी फिरली असली तरी.

घाटांबद्दल एक जोड. आंबोलीला मुक्काम करून रात्रभरात गाडी शंभर टक्के भरलीत आणि सकाळी सावंतवाडीकडे उतरायला लागलात, तर बॅटरीत जागा नसल्यामुळे रीजन नीट काम करत नाही आणि सगळा भार साध्या ब्रेकवर येतो. उतरायचं असेल तेव्हा थोडी कमीच भरा. एरवी किती भरायची हे तुमच्या बॅटरीच्या जातीवर अवलंबून आहे. एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) असेल, उदाहरणार्थ नेक्सॉन इव्ही किंवा बीवायडीच्या गाड्या, तर कंपनी सांगेल तसं अधूनमधून शंभर टक्के भरणं चांगलं, म्हणजे टक्क्यांचा हिशोब बरोबर राहतो. निकेलच्या जातीची असेल तर रोजच्यासाठी ऐंशी पुरे.

नेहमीच्या सर्व्हिसमध्ये फार काही नसतं. इंजिन ऑइल नाही, ऑइल फिल्टर नाही, स्पार्क प्लग नाही, क्लच नाही. एसीचा फिल्टर वर्षाला बदला, दमट हवेत त्याला बुरशीचा वास लागतो. कूलंट कंपनीचंच, विहिरीचं पाणी टाकून पातळी भरू देऊ नका. सस्पेन्शनचे बुश आणि अलाइनमेंट बघून घ्या. बाकी तपासणी संगणकावर होते. पावसाळ्यात उंदीर मात्र तपासा. कोरड्या जागेच्या शोधात ते बॉनेटखाली घर करतात आणि वायरी कुरतडतात. केशरी वायरीवर दाताच्या खुणा दिसल्या तर गाडी चालवू नका आणि गावच्या मेकॅनिकला हात लावू देऊ नका, ती जिवावर बेतणारी वायर आहे.

टायर हा खरा मोठा खर्च. गाडी जड, आणि जोर पहिल्या क्षणापासून येतो, त्यामुळे पुढचे टायर लवकर घासतात. दर दहा हजार किलोमीटरला अदलाबदल करा, हवा महिन्यातून दोनदा बघा आणि बदलताना भार झेलायचा आकडा मूळ टायरएवढा किंवा जास्त आहे याची खात्री करा. एक टायर नऊ हजारांचा धरला तर चार टायर छत्तीस हजार. आपल्या रस्त्यांवर ते चाळीस हजार किलोमीटर चालले तर किलोमीटरला नव्वद पैसे पडतात. हा हिशोब बघितल्यावर सेलच्या शंभर रुपयांची चिंता उरत नाही.

आता तुमचा वर्षाचा आकडा. वर्षाला बारा हजार किलोमीटर धरतो. कंपनीची सर्व्हिस आणि फिल्टर मिळून पाच-सहा हजार. ब्रेकच्या पिना आणि ब्रेक ऑइलचा वाटा दोन हजार. बारा व्होल्टच्या बॅटरीसाठी बाजूला टाकायचे दीड हजार. खालून धुणं तीन-चार हजार. दोन्ही चाव्यांचे सेल दोनशे. टायरसाठी बाजूला टाकायचे अकरा हजार. सगळं मिळून तेवीस ते पंचवीस हजार, आणि यातली टायरची व बॅटरीची रक्कम लगेच खर्च होत नाही, ती साठत राहते. हे आकडे मी आमच्या भागातल्या सध्याच्या दरांवरून धरले आहेत, तुमच्या मॉडेलप्रमाणे थोडे पुढेमागे होतील.

विजेचं बिल यात नाही. एका युनिटला सहा-सात किलोमीटर मिळतात, म्हणजे महिन्याला दीडशे-पावणेदोनशे युनिट. महावितरणचा घरगुती दर शंभर युनिटनंतर आणि पुन्हा तीनशे युनिटनंतर वाढतो. घराच्या वापरावर गाडीचे युनिट चढले की ते वरच्या दरात जातात, हे धरून हिशोब करा. छतावर जागा असेल तर पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅट किंवा जास्त क्षमतेला ७८,००० रुपये अनुदान आहे. गाडी असलेल्या घराला ते फायद्याचं पडतं.

विम्याचंही वेगळं. थर्ड पार्टीचा दर मोटरच्या ताकदीवर ठरतो, बॅटरी किती युनिटची यावर नाही. जून २०२२ पासूनच्या दरपत्रकात खासगी इलेक्ट्रिक गाडीला ३० किलोवॅटपर्यंत १,७८० रुपये, ३० ते ६५ पर्यंत २,९०४ आणि त्यावर ६,७१२ असे वार्षिक दर आहेत, कर वेगळा. टियागो इव्हीसारखी गाडी मधल्या गटात येते, नेक्सॉन इव्ही वरच्या. स्वतःच्या नुकसानीच्या विम्यात झीरो डेप्रिसिएशन (भागांची झीज वजा न करता भरपाई) घ्याच, आणि पाण्यामुळे बॅटरी व मोटरचं झालेलं नुकसान भरून मिळतं का, हे पॉलिसीत शोधून वाचा. २२ जुलै २०२१ ला चिपळूणमध्ये वाशिष्ठीचं पाणी घराघरांत शिरलं होतं, त्या भागात रोज जा-ये करणाऱ्याने हे कलम सोडू नये.

बॅटरीवर आयपी६७ लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ एक मीटर पाण्यात अर्धा तास, तोही चाचणीच्या स्वच्छ पाण्यात, नव्या पेटीला. पुराच्या गाळाच्या किंवा भरतीच्या खाऱ्या पाण्यात गाडी घालायची ती परवानगी नाही. पाणी गाडीच्या आत पायाखालच्या तळापर्यंत आलं असेल तर गाडी सुरू करू नका, चार्जिंगला लावू नका, टोइंगने घरापासून लांब मोकळ्या जागी नेऊन ठेवा आणि विमा कंपनीला फोन करा. टोइंगला बोलावताना "फ्लॅटबेड पाठवा" असं स्पष्ट सांगा. ज्या चाकांना मोटर आहे ती जमिनीवर फिरवत ओढलं तर मोटर वीज तयार करते आणि नुकसान होतं. हेल्पलाइनचा नंबर कागदावर लिहून डॅशबोर्डच्या खणात ठेवा, सोबत एक पाकीटबंद सेल आणि ते जुनं एटीएम कार्ड.